दुसरं पाणी

लवू मुंबईहून कायमचा परत आला तेव्हा त्याच्या छातीत खोकला होता आणि डोक्यात पाण्याचं खूळ होतं. गिरणीच्या रंगखात्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. कपडा धुतलेलं रंगीत पाणी एका हौदातून दुसऱ्या हौदात निवळत न्यायचं, वाळूतून गाळायचं आणि पुन्हा धुण्याच्या कामाला लावायचं, हे त्याचं काम. वाफेनं आणि रंगाच्या वासानं छाती पोखरली. डॉक्टरनं गावच्या हवेत जायला सांगितलं आणि तो जामसंड्याला बायकोकडे आला.

दुर्गाला त्याचा आनंद झाला, पण तिनं तो कुणाला सांगितला नाही. आजारी माणूस घरी आल्याचा आनंद कसा सांगायचा? लग्न झाल्यापासून गणपतीला आणि शिमग्याला येणाऱ्या नवऱ्याची वाट बघण्यात तिचं आयुष्य चाललं होतं. मूलबाळ झालं नाही. आता सकाळी पडवीतून त्याचा खोकला ऐकू आला की तिला घर भरल्यासारखं वाटायचं.

देवगड बंदराच्या डोक्यावर जामसंड्याचा सडा, उघडं कातळाचं पठार. पावसात तिथं पाणीच पाणी, पण जांभ्या दगडात ते ठरत नाही. होळी झाली की विहिरी तळ दाखवायला लागत. वैशाखात बायका व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, उगमाकडच्या झऱ्यावर जाऊन बसत आणि करवंटी करवंटीनं कळशी भरत. त्यातच देवगडच्या रस्त्याला नवी घरं उठत होती. मास्तरांची, कचेरीतल्या कारकुनांची, मुंबईला मुलगे नोकरीला असलेल्यांची. धोबी आला, न्हाव्याचं दुकान झालं, भाईचं हॉटेल तर आधीपासून होतंच. माणसं वाढली, पाणी होतं तेवढंच राहिलं.

आणि ह्या सगळ्यात उताराला आंब्याच्या रसाचा कारखाना निघाला. मालक मुंबईचा. त्यानं सुरुंग लावून खोल विहीर मारली होती आणि तिला पाणी चांगलं होतं. रसानं भरलेले डबे उकळत्या पाण्यातून काढायचे आणि गार पाण्यात सोडायचे. ते गार पाणी कोमट झालं की सोडून द्यायचं. ऐन उन्हाळ्यात, सडा तापून लाल झालेला असताना, कारखान्याच्या मागच्या मोरीतून दिवसभर पाण्याची धार व्हाळात आणि व्हाळातून खाडीत जायची.

लवू एक दिवस दुर्गाला तिथं घेऊन गेला. "हात लाव गो," तो म्हणाला.

तिनं हात लावला. पाणी कोमट होतं आणि त्याला आंब्याचा पुसट वास होता. "न्हाणयेतल्या पाण्यासारख्या लागता," ती म्हणाली.

"बायका करवंट्येन पाणी भरतत आणि हय नदी व्हावता," लवू म्हणाला. बोलता बोलता त्याला खोकल्याची ढास लागली. ती थांबेपर्यंत दुर्गा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पाणी वाहतच होतं.

कारखान्याच्या मॅनेजरकडे त्या सोडलेल्या पाण्यासाठी शब्द टाकला तो भाईनं. भाई आणि लवू एका पाटीवर शिकलेले. एक मुंबईला गेला, दुसऱ्यानं गावात हॉटेल घातलं, पण दोस्ती तुटली नाही. भाईनं आपली बैलगाडी दिली, दोन पिंपं दिली. कारखान्याच्या खालच्या अंगाला लवूनं जांभा फोडून तीन टाक्या केल्या. पहिलीत पाणी नुसतं ठरायचं आणि गाळ खाली बसायचा, दुसरीत वाळूतून उतरायचं, तिसरीत कोळशातून. दुर्गा पदर खोचून दिवसभर त्याच्या हाताखाली होती. खाडीची वाळू तिनं आणली, धुतली, पुन्हा धुतली. नवऱ्याच्या बरोबरीनं एखादं काम करण्याची तिच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ होती. संध्याकाळी दोघं चिऱ्यांच्या ढिगावर बसून भाकरी खात आणि फारसं काही बोलत नसत. ते दिवस तिला पुढं फार आठवले.

सुरुवातीला कुणी पाणी घेईना. शेजारची काशीबाई म्हणाली, "कोणाकोणाचे हात लागले असतत तेका! उष्टा पाणी ता. माज्या दारात नको."

"पिवक कोण सांगता काशीबाये?" लवू म्हणायचा. "भांडी घास, धुणी धू, माडाक घाल. चांगला पाणी पिवक ठेव."

आधी गवंड्यांनी घेतलं, मग धोब्यानं. भाईनं हॉटेलात टेबलं पुसायला आणि फरशी धुवायला घेतलं. रस्त्याकडच्या नव्या घरांतल्या बायकांनी मागच्या दारी एक वेगळं पिंप ठेवलं. बघता बघता लोक म्हणायला लागले, हे पहिलं पाणी, हे दुसरं पाणी. पहिलं पाणी विहिरीचं, पिण्याचं. दुसरं पाणी लवूचं, वरकामाचं. परसातली अबोली वैशाखात फुललेली दिसायला लागली तशी काशीबाईही एक दिवस पिंप घेऊन दारात उभी राहिली.

भाईला एकच मुलगी होती, शेवंती. शाळेला सुट्टी लागली की ती लवूच्या गाडीवर चढून बसायची आणि प्रत्येक घरापुढं ओरडायची, "दुसरा पाणी इला! दुसरा पाणी!" लवूनं तिला एवढं पढवलं होतं की कुणी मुलानं पिंपात ओंजळ घातली की ती त्याच्या हातावर चापट मारायची. "पिवचा नाय ह्या! लवूकाका मारतलो!" दुपारी दोघं घरी यायची आणि दुर्गा त्यांना पेज वाढायची. शेवंती तिच्या मांडीवर डोकं ठेवून निजायची. हे चेडू आपलं नाही, हे दुर्गाला ठाऊक होतं. तरी त्या वेळेपुरतं ती ते विसरायची.

लवूला आपल्या पाण्याचा अभिमान होता. तो वरचेवर कोळसा बदलायचा, वाळू उपसून धुवायचा. एकदा भाईच्या हॉटेलात त्यानं काचेचा ग्लास भरून टेबलावर ठेवला. पाणी इतकं नितळ होतं की ग्लास रिकामा वाटावा. गिऱ्हाइकं वाकून वाकून बघत होती. घरी आल्यावर त्यानं हे सांगितलं तेव्हा दुर्गा म्हणाली, "एवढा निवळ करू नुको हो. लोक पितले."

तो हसला. "शेवंती आसा मां पहाऱ्याक."

मग ते वाईट वर्ष आलं. आदल्या वर्षी पाऊस लवकर परतला होता. चैत्रातच विहिरी गढूळ झाल्या आणि वैशाखात नुसता चिखल उरला. व्हाळातल्या झऱ्यावर भांडणं होऊ लागली. गावात पोरांना जुलाब सुरू झाले. लवूच्या गाडीला मात्र खंड नव्हता, कारण कारखाना चालू होता. तेवढ्या एका गोष्टीवर गावाची धुणीभांडी चालली होती.

भाईची बायको रुक्मिणी त्या वेळी पोटुशी होती. शेवंतीनंतर किती वर्षांनी पुन्हा दिवस राहिलेले, आणि तिला काही झेपत नव्हतं. उठली की ओकारी यायची. झऱ्यावर जायला घरात कुणी नव्हतं. भाई पहाटे हॉटेलची कळशी भरून आणायचा, तीच घराला पुरवायची.

एका सकाळी भाईच्या घरून निरोप आला की शेवंतीला बरं नाही. लवू आणि दुर्गा तसेच धावले. आदल्या दुपारपासून पोरीला उलट्या आणि जुलाब होत होते. घरचे उपाय झाले, देवाला गाऱ्हाणं घालून झालं. डोळे आत गेले होते, ओठ सुकले होते. रुक्मिणी तिला मांडीवर घेऊन बसली होती आणि एकसारखी तिच्या कपाळावरून हात फिरवत होती. लवूनं गाडीवरची पिंपं ढकलून खाली पाडली, पेंढा पसरला, पोरीला आत घातलं आणि बैल हाकले. एरवी बैलाला काठी न लावणारा माणूस, पण त्या दिवशी त्यानं त्यांना पळवलं. दुर्गा पोरीला धरून बसली होती, शेजारी भाई होता. देवगडचा उतार लागला तेव्हा शेवंतीनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. कुणाकडेच पाणी नव्हतं. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा दुर्गाला कळलं होतं, पण तिनं हात सोडला नाही.

डॉक्टरांनी नाडी बघितली आणि मान हलवली. "काय प्यायली होती?" त्यांनी विचारलं.

"पाणी," भाई म्हणाला.

"कुठलं पाणी?"

भाईनं पोरीला उचलून खांद्याशी धरलं आणि तो गाडीकडे चालायला लागला.

भाईच्या घरी परत आल्यावर लवू आंघोळीचं पाणी काढायला मागच्या पडवीत गेला. दुर्गा त्याच्यामागून गेली. तिथं दोन पिंपं होती, एक पहिल्या पाण्याचं, एक दुसऱ्या. पिण्याच्या पाण्याचं पिंप उपडं घातलेलं होतं, त्याच्या बुडाला धूळ बसली होती. त्याच्या शेजारी पिण्याचा पितळी हंडा अर्धा भरलेला होता. लवूनं हंड्यात वाकून बघितलं. बराच वेळ तो तसाच वाकलेला राहिला. तळाला कोळशाची बारीक कणी बसली होती. त्यानं बोट बुडवून वास घेतला. मग हंडा उचलला, माडाच्या मुळात ओतला, आतून राख लावून घासला आणि जागेवर ठेवला. दुर्गानं त्याच्याकडे बघितलं. त्यानं ओठांवर बोट ठेवलं नाही. नुसता तिच्याकडे बघत राहिला, आणि ती समजली.

गावात बोलणं उठायला वेळ लागला नाही. पोर दिवसभर त्या गाडीवर बसायची. त्या पाण्यात खेळायची. आजारी पडलेल्या बाकीच्या पोरांच्या घरीही मागच्या दारी लवूचं पिंप होतंच; गावात कुणाच्या दारी नव्हतं? लवूच्या पाण्यानं चेडू घेतल्यान, असं आधी काशीबाई म्हणाली आणि मग सगळेच म्हणायला लागले.

देवळात माणसं जमली. मानकरी दाजी मध्ये बसले होते. म्हातारे, शांत, लवूच्या बापाचे स्नेही. त्यांनाही ते काम नकोसं वाटत होतं हे दिसत होतं. बायका बाहेर उभ्या होत्या, त्यात दुर्गा होती.

"लवू," दाजी म्हणाले, "चेडू तुज्या गाडयेर बसायचा. तुज्या पिंपातला पाणी तिणी पिल्यान काय?"

लवूनं भाईकडे बघितलं. भाई खांबाला टेकून खाली मान घालून बसला होता.

"पिल्यान असात," लवू म्हणाला.

देवळात गलका झाला. दाजींनी हात वर केला. "नीट सांग रे. तू बघितलंस?"

"बघूक नाय. पण पाणी माजाच, दाजीनू. दुसऱ्या कोणाचा नाय."

त्याच संध्याकाळी पहारी घेऊन माणसं उताराला गेली. टाक्यांचे चिरे उखडले, वाळू आणि कोळसा व्हाळात फेकून दिला. ज्यांच्या परसात त्या पाण्यावर अबोली फुलली होती, तेही त्यात होते. लवू लांबून बघत उभा राहिला. कुणी त्याच्या अंगाला हात लावला नाही. नुसतं त्याच्याकडे न बघता सगळे शेजारून निघून गेले.

घरी आल्यावर दुर्गाचा बांध फुटला. "तुमी बोललात कित्याक नाय? त्या हंड्यात पाणी कोणी भरल्यान ता तुमका म्हायत आसा!"

"काय बोलतलंय?" तो म्हणाला. "रुक्मिणीन, तिच्या आवशीन, आपल्या हातान पाणी दिल्यान, ह्या सगळ्या गावासमोर सांगू? ती पोटुशी आसा गो. तिका तर ह्या म्हायतसुदा नसतला. कळला तर बावीत उडी घालतली."

"बावीत पाणी खंय आसा!" दुर्गा म्हणाली आणि आपलेच शब्द ऐकून तोंडाला पदर लावून रडायला लागली.

तो तिच्याजवळ बसला. "पाणी मीच निवळ केलंय," तो हळू म्हणाला. "बावीच्या पाण्यापेक्षा निवळ. गढूळ असता तर तिणी तेका हात लावल्यान नसतो." मग म्हणाला, "माजी शपथ आसा तुका. मी असासर आणि मी गेल्यावरसुदा."

तिनं शपथ घेतली. कुणासाठी घेतेय हे तिला कळत नव्हतं, पण घेतली.

कारखान्याच्या मॅनेजरनं लवूला आवारात यायला बंदी केली. बैलगाडी भाईची होती, ती त्यानं परत नेऊन बांधली. पोट तर होतंच. लवू चिरे काढायच्या खाणीवर जायला लागला. ज्या छातीसाठी मुंबई सोडली तिच्यात आता लाल धूळ जाऊ लागली. दुर्गानं सांगून बघितलं, भांडून बघितलं. तो म्हणायचा, "गावात दुसरा काम कोण देता?" खाणीची वाट भाईच्या हॉटेलावरून जायची. पूर्वी तो तिथं थांबल्याशिवाय पुढं गेला नव्हता. आता तो मान खाली घालून जायचा, आणि आतून कुणी हाक मारायचं नाही.

रुक्मिणीला मुलगा झाला. बारशाचं बोलावणं सगळ्या वाडीला होतं, लवूच्या घराला नव्हतं. त्या संध्याकाळी लवूनं तेवढं विचारलं, "चेडू की झील?" दुर्गानं सांगितलं. "बरा झाला," तो म्हणाला.

पुढल्या वर्षी नवरात्रात लवू अंथरुणाला खिळला आणि दिवाळीच्या आधी गेला. शेवटचे दिवस त्याला बोलवत नव्हतं. दुर्गा त्याला बसतं करून पाठीशी टेकू द्यायची आणि रात्रंदिवस तशीच बसायची. कधी तरी तो तिचा हात हातात घ्यायचा, बोटं चाचपायचा आणि सोडून द्यायचा. खांदा द्यायला माणसं आली. त्यात भाई होता. त्यानं शेवटपर्यंत खांदा बदलू दिला नाही. लोकांना वाटलं, केवढं मोठं मन.

दिवसकार्य आटोपल्यावर भाई एकटा आला. दुर्गा पडवीत तांदूळ निवडत होती. तो पायरीवर बसला.

"वयनी, माका तुमका एक सांगूचा आसा."

"सांगा."

"त्या दिवशी लवून आमचो हंडो ओतल्यान. मी दारात उभो होतंय."

दुर्गाचे हात थांबले.

"त्या हंड्यात काय होता ता माका तेच्या आधीच म्हायत होता," भाई म्हणाला. "सकाळी शेवंतीक पाणी देवक गेलंय तेवा बघलंय. रुक्मिणी सोसवना म्हणान झऱ्यार गेली नाय आणि दुसऱ्या पिंपातला भरल्यान. मगे लवून हंडो ओतल्यान आणि माका समाजला, की तेकापण कळला."

"आणि तुमी देवळात गप रवलात."

"रुक्मिणीसाठी, वयनी. तिका वाटता, शेवंतीन गाडयेवरच पाणी पिल्यान. तिका म्हायत नाय आपण काय केला ता. कळला असता तर ती जगली नसती, आणि पोटातला पण. वाटला, थोडे दिवस जातले, लोक विसरतले, मगे मी लवूक परत उभो करतलंय. दिवस गेले. मगे तोंड उघडाक झाला नाय."

दुर्गा त्याच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं राग येईल, ती ओरडेल. आवाज मात्र अगदी साधा निघाला. "तुमच्या दारावरसून तो खोकत जायचो. तुमका आयकाक यायचा?"

"यायचा."

"एकदा तरी हाक मारूची होती, भाईनू. काय बोलूचा नव्हता. नुसतो च्या देवचो होतो."

भाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग तो म्हणाला, "मी आता सांगतंय सगळ्यांका. देवळात उभो रवान सांगतंय."

"आता कोणासाठी?" दुर्गा म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रुक्मिणीकडे गेली. कशाला चाललो आहोत हे तिचं तिला माहीत नव्हतं. शपथ मोडायला की पाळायला, तेही नाही. नवरा गेल्यापासून तिला एवढंच बघायचं होतं, की ज्या बाईसाठी हे सगळं झालं ती कशी आहे. रुक्मिणी माजघरात बसली होती. मूल जमिनीवर रांगत होतं. दुर्गाला दारात बघून रुक्मिणी उठली नाही.

"बसा दुर्गावयनी," ती म्हणाली.

दुर्गा बसली. दोघीही मुलाकडे बघत राहिल्या.

"भावजी..." रुक्मिणीनं विचारलं, "जाताना माज्याबद्दल काय बोलले?"

"तुज्याबद्दल कित्याक बोलतलो?"

रुक्मिणीनं मान वर केली. डोळे कोरडे होते. "हंडो मीच भरललंय, वयनी."

दुर्गानं मुलावरची नजर काढून तिच्याकडे बघितलं.

"उठवत नव्हता. शेवंती पाणी पाणी करी होती. पिंपातला पाणी बघलंय, देवाच्या तीर्थासारख्या निवळ. वाटला, उकळून देवया. चुलीपर्यंत जावक झाला नाय. तशाच दिलंय. तिणी नको म्हणान सांगल्यान. लवूकाका मारतलो म्हणाली." रुक्मिणीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. पुढं बोलली तेव्हा आवाज कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा होता. "मीच तिका दटावून पाजलंय. ह्यांका म्हायत नाय. कळला तर हे माका घरात ठेवचे नाय. मगे लोकांनी भावजींचा नाव घेतला आणि माका... माका बरा वाटला, वयनी."

दुर्गा उठून उभी राहिली आणि भिंतीला धरून राहिली. लवू ह्या बाईला वाचवायला गप्प बसला. भाई हिला वाचवायला गप्प बसला. आणि हिला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. जिला कळू नये म्हणून तिचा नवरा धूळ खात मेला, तिला कळायचं काही उरलंच नव्हतं.

"भाईंका म्हायत आसा," दुर्गा म्हणाली.

"काय?"

"सगळा. त्या दिवसापासून. तुका कळू नये म्हणान ते बोलले नाय. माजो घोवपण नाय बोललो."

रांगत रांगत मूल चुलीच्या बाजूला गेलं आणि रडायला लागलं. रुक्मिणीला ते ऐकू येत नव्हतं. दुर्गानं जाऊन मुलाला उचललं, रुक्मिणीच्या मांडीवर ठेवलं आणि ती घरी आली. वाटेत तिला लवूवर राग आला, एवढा की ती रस्त्यात थांबली. एकदा बोलला असतास, मेल्या. एकदा. मग तिला त्याची बोटं आठवली आणि ती पुन्हा चालायला लागली.

भाईला देवळात उभं राहावं लागलं नाही. रुक्मिणीच झऱ्यावर गेली, बायका कळश्या लावून बसल्या होत्या तिथं, आणि उभ्यानं सगळं सांगून टाकलं. काशीबाई म्हणे तोंडात पदर कोंबून बसली. त्या रात्रीपासून भाईच्या घरात नवराबायको एकमेकांशी कामापुरतंच बोलत, आणि ते पुढं तसंच राहिलं.

दाजी काठी टेकत दुर्गाच्या घरापुढच्या खळ्यात आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. "पोरी," ते म्हणाले, "मी तेका दोनदा इचारलंय. तिसऱ्यांदा इचारूक होया होता." आणि डोळे पुसत परत गेले. त्यानंतर लोक दुर्गाला वाट द्यायला लागले, सणाला ताट पाठवायला लागले. लवूचं नाव निघालं की माणसं हळू बोलत. तिला त्याचं काही वाटत नसे.

पुढला उन्हाळा पुन्हा कडक आला. कारखाना चालू होता आणि मोरीतून पाण्याची धार पहिल्यासारखीच खाडीला जात होती. एका सकाळी दाजी, भाई आणि वाडीतली चार माणसं खळ्यात येऊन उभी राहिली. त्यांच्यामागं, बऱ्याच अंतरावर, रुक्मिणी होती.

"दुर्गा," दाजी म्हणाले, "टाकये परत बांधूचे म्हणतंव. लवूच्या नावान. चिरे काढूक माणसा आसत. पण आत थर कसो घाली, ता कोणाक म्हायत नाय. तू तेच्यावांगडा कामाक होतंस."

दुर्गानं त्यांच्याकडे बघितलं. थर तिच्या बोटांत होता. तळाला मुठीएवढे गोटे, त्यावर बारीक खडी, त्यावर खाडीची वाळू, पाणी स्वच्छ उतरेपर्यंत धुतलेली, आणि शेवटच्या टाकीत करवंटीचा कोळसा, फार बारीक नाही, फार मोठा नाही. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. समोरच्यांतल्या काहींच्या हातात तेव्हा पहारी होत्या.

"माका म्हायत नाय," ती म्हणाली.

"आठवून बघ गो."

"तो गेलो आणि तेच्यावांगडा सगळा गेला, दाजीनू. माका काय म्हायत नाय."

भाईनं एकदा तिच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. खोटं बोलतेय हे त्याला कळलं असावं. पण काही बोलायची त्याची सोय नव्हती. मग सगळे आले तसे गेले.

ऊन चढायच्या आधी दुर्गानं कळशी घेतली आणि झऱ्याची वाट धरली. झऱ्यावर मोठी रांग होती. तिला बघून बायका सरकल्या, तिला पुढं यायला जागा केली, कुणी तिच्या हातातली कळशी घ्यायला हात पुढं केला. दुर्गानं मान हलवली. ती रांगेच्या शेवटाला जाऊन बसली आणि कळशी मांडीशी धरून आपल्या पाळीची वाट बघत राहिली.